पेरिएर आणि वेर्न यांच्यामधला रस्ता

बुधवार, २१ मे

चौतीस वर्षं गावच्या सहकारी वाईन-कोठारात लोकांच्या वाईनचा वास घेतला आणि तिथल्या वह्या भरल्या. ही वही मात्र माझी. निवृत्त होऊन आठ महिने झाले. गावाला वाटलं होतं, सोलांज बुर्दां आता खिडकीत बसून लोकर विणेल. विणतेय! मला विणता येत नाही, आणि खिडकीत बसणाऱ्यांबद्दल माझं काय मत आहे ते साऱ्या मोंतुर्ने गावाला ठाऊक आहे.

येत्या मंगळवारी माझी पहिली सायकल सहल निघते. सहा दिवस, सहा पाहुणे. जुन्या रेल्वेमार्गावरच्या सपाट रस्त्याने निघायचं, मग मळ्यांत शिरायचं, चढ चढायचे, वाटेत तळघरं, जेवण, वाईन, आणि सहाव्या दिवशी परत मोंतुर्नेत. सामान ल्युसियाँच्या गाडीत. ल्युसियाँ पेर्द्री चाळीस वर्षं शाळेची बस चालवायचा, त्यामुळे इथलं प्रत्येक वळण आणि प्रत्येक मोठ्या माणसाचं लहानपण त्याला पाठ आहे.

सहल संपते ती रविवारी, १ जूनला. त्या दिवशी गावातली सगळी तळघरं उघडी असतात. चौकात टेबल मांडतात, त्यावर फडक्यात गुंडाळलेल्या तीन बाटल्या, आणि मी नुसता वास घेऊन सांगते, कुठली वाईन कुठल्या मळ्याची. सव्वीस वर्षं सांगतेय, एकदाही चुकले नाही. यंदा ते बघायला दिजोंच्या प्रवासी संस्थेच्या मादाम व्होतिए येणार आहेत. त्यांना पटलं तर उन्हाळाभर दर आठवड्याला त्यांची माणसं माझ्यामागे सायकलवर. पत्रकाचं नावसुद्धा त्यांनी ठरवून टाकलंय: 'एका नाकाच्या मागे'. मला आवडलं. खरं ते खरं.

बाटल्या गुंडाळायची पाळी यंदा ओबँ रव्हेर्शोंची. आज त्याच्या फाटकावरून जाताना त्याने हटकलंच.

"काय गं नाकवाले, माणसं सायकलवर बसवून हाकणार म्हणे?"

"हाकणार नाही, फिरवणार. तुझ्या दारावरूनही नेणार आहे."

"दारावरूनच ने. आत नको आणूस. माझी वाईन वेर्नची ना, तुझ्या पाहुण्यांना बाधायची."

वीस वर्षं झाली, याची टकळी तीच. ओबँचा मळा पेरिएर, रस्त्याच्या वर. वेर्न रस्त्याच्या खाली, कोठाराच्या मालकीचा. मधे आठ पावलांचा रस्ता. वर दगड, खाली ओल, त्यामुळे वरची वाईन लोक जपून ठेवतात आणि खालची जेवताना पाण्यासारखी पितात. बाहेरच्यांना हसू येईल, पण या आठ पावलांवरून आमच्याकडे ठरलेली लग्नं मोडली आहेत. वीस वर्षांपूर्वी एका हंगामात मी ओबँच्या पेरिएरचा वास घेतला आणि ती वेर्नच्या टाकीत ओतायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याने कोठार सोडलं. तेव्हापासून माझ्याशी बोलतो ते टोमण्यांतच. माझा नाइलाज आहे. नाकाला जे कळतं ते मी सांगते.

सायकलचीही मला काळजी नाही. मार्चमध्ये धुण्याच्या हौदापाशी बर्फावरून घसरले तेवढंच. डोक्याला मागून खोक पडली, चार टाके. महिन्याने परत दाखवा म्हणाले होते. टाके सुकल्यावर दाखवायचं काय? गेले नाही.

शनिवार, २४ मे

रविवारची तयारी म्हणून रोज संध्याकाळी दोन-तीन बाटल्या उघडतेय. यंदा सगळ्यांना काय झालंय कोण जाणे. चुनखडीच्या चढावरची मळेवाली मारिनेत ग्वायार, तिच्या वाईनला एरवी चेरीचा घमघमाट असतो, ती आज नुसती ओली लागली. कोठाराच्या वाईनबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या जागी आलेली मुलगी यंत्राने मोजमाप करते. यंत्राला काय डोंबल कळतं! माझं इतक्या वर्षांचं काम तिने आठ महिन्यांत धुऊन टाकलं.

पावाचंही तेच. बेकरीवाल्याला तोंडावर सांगितलं, पीठ बदललंस. तो म्हणाला, "नाही हो मादाम, तेच पीठ, तोच भट्टीवाला." मग माझ्याकडे बघत राहिला. पकडला गेला की माणूस असाच बघतो.

दुपारी ल्युसियाँ आला तो दारातूनच ओरडत. "अगं बाई, दूध करपलंय! घर पेटवतेस की काय?" भांड्याचा तळ काळाठिक्कर झाला होता. मी तिथेच टेबलावर पाहुण्यांच्या खोल्यांची यादी करत होते.

"कामात असले की मला दुसरं काही सुचत नाही," मी म्हटलं.

"चार फुटांवर होतीस, सोलांज."

म्हातारपण आलं की माणूस असली अंतरं मोजत बसतो.

मंगळवार, २७ मे

निघालो! सहाही जण स्टेशनवर वेळेत उतरले. लिलचे देलात्र बंधू, दोघेही निवृत्त, दोघेही एकदम बोलतात. तुलुझकडच्या दोन शिक्षिका, सतत फोटो काढतात. आणि ब्रिटनीची रोझेन्न ल गॉफ नवऱ्यासह. रोझेन्नची स्वतःची बेकरी आहे. जाड हात, बोलणं कमी. नवऱ्याला तिने येतानाच सांगून ठेवलंय की वाटेत तक्रारी करायच्या नाहीत.

सगळ्यांना बॅटरीच्या सायकली. माझी साधी. चढावर ते भुर्रकन पुढे जातात आणि वळणावर रस्ता माहीत नाही म्हणून थांबून राहतात. मी सावकाश पोचते, डावीकडे वळते आणि पुन्हा सगळे माझ्या मागे. फार समाधान वाटतं.

जेवायला पॉप्लर झाडांच्या रांगेखाली थांबलो. एपोआस चीज मी कालच आणून गाडीत ठेवलं होतं. गाडी दिवसभर उन्हात. थोरल्या देलात्रांनी मागचं दार उघडलं आणि तीन पावलं मागे गेले.

"मादाम, आत काही मेलंय का?"

शहरी माणसं! मी चमच्याने खाल्लं. मऊ, खारट, छान. सगळ्यांचे कपडे त्याच गाडीत होते, म्हणून संध्याकाळी मुक्कामाच्या घरी प्रत्येक खिडकीत सदरे आणि विजारी वाळत होत्या. घरमालकीण विचारत होती, पूर आला होता का?

ल्युसियाँने मला बाजूला घेतलं. "कालपासून त्या गाडीत तूच सामान ठेव-काढ करतेयस. वास नाही आला?"

"एपोआसला वास असतोच. नसता तर दुकानदाराच्या डोक्यात घातलं असतं."

तो हसला नाही. पहिल्या दिवसाचा शीण असेल.

बुधवार, २८ मे

आज मारिनेतच्या तळघरात थांबलो. मारिनेतने चीजच्या गरम पुऱ्या केल्या होत्या, माणशी चार, म्हणजे मला सहा. मी बाटली उघडली, पेल्यात थोडी ओतली, फिरवली, हुंगली. पाहुणे श्वास रोखून बघत होते. "प्रामाणिक वाईन," मी म्हटलं. "उगाच नटलेली नाही. माती आहे, संयम आहे." आणि सहा पेले भरले.

कुणीच काही बोलेना. मला वाटलं, भारावले. धाकट्या देलात्रांनी पेला ओठाला लावला आणि डोळे मिटले. रोझेन्नने पेला नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच सगळी वाईन चूळ टाकायच्या बादलीत ओतली. तेवढ्यात ल्युसियाँ दुसरी बाटली घेऊन धावत आला. "ती पेले विसळायला होती, ही प्यायची!"

मी त्याला तिथेच झापलं. चांगली बाटली पेले विसळायला? बूच त्याने हुंगून घाईघाईने खिशात टाकलं होतं, ते मागितलं तर म्हणाला, हरवलं. मारिनेत तोंडावर पदर घेतल्यासारखी ॲप्रन धरून उभी. निघताना तिने माझे दोन्ही गाल हातात धरले आणि म्हणाली, "पोरी, तब्येतीला जप." मारिनेत ऐंशीची आहे, तिला सगळ्यांच्या तब्येतीची काळजी असते.

शुक्रवार, ३० मे

काल सणाची सुट्टी आणि वर पाऊस. पत्ते खेळलो. थोरले देलात्र लबाडी करतात.

आज खिंडीवरून उतार. मी पुढे, मागे धाकटे देलात्र, मग बाकीचे. अर्ध्या उतारावर रोझेन्न सुसाट पुढे आली आणि ओरडली, "थांबा! ब्रेक जळतोय!" धाकटे देलात्र सगळा उतार ब्रेक दाबून उतरत होते, चाकाची तबकडी तापून निळी पडली होती आणि ब्रेक लागेनासा झाला होता. रोझेन्नने त्यांचा दंड धरला आणि दोघं मिळून द्राक्षवेलींत घुसले. खरचटण्यापलीकडे काही नाही, देवाची कृपा. पण दोनशे पावलं पुढे दगडी भिंत होती.

"तुम्ही त्यांच्या लगेच पुढे होतात," रोझेन्न म्हणाली. "मला सगळ्यात मागे जळका वास आला. तुम्हाला नाही आला?"

"वारा उलटा होता."

"वारा मागून होता, मादाम."

मी वाकून माझ्याच सायकलचा ब्रेक तपासला. उताराआधी ब्रेक कसे मारायचे ते मी नीट सांगायला हवं होतं. ती चूक माझी, ती मी सर्वांसमोर कबूल केली. पुढच्या सहलीत आधी सांगणार.

संध्याकाळी जेवणाआधी रोझेन्न पाव घेऊन माझ्याशेजारी बसली. पाव मोडून माझ्यापुढे धरला. "सांगा बघू, कसला वास येतो?"

"पावाचा."

"कसल्या पावाचा?"

"चांगल्या पावाचा," मी म्हटलं. बेकरीवाल्यांना कौतुक लागतं.

तिने तो तुकडा पुन्हा पावाशी जुळवून ठेवला. मग म्हणाली, "माझ्या वडिलांचा वास गेला होता. शेवटची दोन वर्षं ते पिठाला बोट लावून भट्टी चालवायचे. आम्हाला सांगितलंच नाही. आम्हाला ठाऊक होतं, आम्हीही सांगितलं नाही."

बिचारे. मी तिचा हात थोपटला. माणसाने अशी गोष्ट घरच्यांपासून लपवू नये.

शनिवार, ३१ मे

सकाळी तोंड धुताना साबण हुंगला. काही नाही. टॉवेल हुंगला. काही नाही. खालच्या अंगणात गुलाब आहे, त्यात नाक खुपसलं तर मधमाशीने हाकललं. दहा मिनिटं मला बरं वाटेना.

मग विचार केला, मे महिना आहे, हवेत परागकण आहेत, सर्दी असेल. साबणही स्वस्तातला होता. उद्याचं काम मी सव्वीस वर्षं केलंय आणि नाक माझंच आहे. पाहुण्यांना आज अडतीस किलोमीटर नेलं. कुणी कुरकुरलं नाही.

रविवार, १ जून

काम फत्ते!

सावकाश लिहिते. चौकात दोनशे माणसं तरी असतील. पुढे खुर्चीवर मादाम व्होतिए, उन्हाळी टोपीत, वही घेऊन. माझे सहा पाहुणे सायकलींसकट. टेबलामागे ओबँ, इस्त्रीचा सदरा घालून, तीन बाटल्या फडक्यांत गुंडाळलेल्या आणि माना गाठीने बांधलेल्या.

पहिला पेला फिका, जिभेच्या कडांना आंबट चावणारा. मारिनेतचा चुनखडीचा चढ. ओबँने फडकं काढलं, बरोबर. दुसरा काळसर, हिरड्या धरून ठेवणारा. कोठाराच्या जुन्या वेली. तोही बरोबर. टाळ्या.

तिसरा. रंग मध्यम. तोंडात मऊ. मी हुंगला, पुन्हा हुंगला. काहीच नाही. नाक आत घालून थांबले, तर पेल्याची काच गार लागली तेवढीच. लोक शांत झाले. मनात म्हटलं, सोलांज, ज्या वाईनला सांगायला काहीच नसतं ती आपल्याकडे एकाच जागची. आणि मी मान वर करून म्हणाले, "वेर्न."

ओबँचा हात फडक्याच्या गाठीवर होता. तो तिथेच थांबला. मला वाटलं, गाठ अडकली. मग त्याने ती गाठ आणखी घट्ट केली आणि मोठ्याने म्हणाला, "बरोबर. वेर्नच. ही बाई कधी चुकत नाही."

टाळ्या जरा उशिरा आल्या, पण पुष्कळ आल्या. ओबँच्या तोंडून माझी स्तुती! त्यात टोमणा कुठे आहे ते मी शोधत होते, सापडला नाही. रिवाजाप्रमाणे उरलेली वाईन सगळ्यांत फिरली. मारिनेतने एक घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. ल्युसियाँ टाळ्या वाजवताना बुटांकडे बघत होता. रोझेन्न तर मला मिठी मारून रडली. ब्रिटनीची माणसं हळवी असतात असं ऐकलं होतं, आज पाहिलं.

मादाम व्होतिए खूश. उन्हाळा माझा! "आणि ती तिसरी वाईन," त्या म्हणाल्या, "साधी म्हणता तुम्ही, पण मला सगळ्यांत तीच आवडली. आपल्या पाहुण्यांना रोज वेर्नच देऊ. उद्याच कोठाराला कळवते." मला नवल वाटलं, पण ज्याची त्याची आवड.

सोमवार, २ जून

मला हे आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी काहीतरी दुसरंच लिहीन.

पाहुणे सकाळी गेले. रविवारच्या तिन्ही बाटल्या फडकं काढून नगरकचेरीच्या खिडकीत वर्षभर ठेवतात. आज बघते तर दोनच. मादाम व्होतिएंना पत्रकासाठी फोटो हवा होता, म्हणून मी ओबँकडे गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं.

"तिसरी बाटली कुठाय?"

"संपली."

टेबलावर फडकं पडलं होतं आणि शेजारी बाटली, तळाला दोन बोटं वाईन. लेबलावर त्याचं नाव आणि त्याचा मळा.

"ही कुठली?"

"तीच."

"हिच्यावर पेरिएर लिहिलंय, ओबँ."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "लेबल चुकून लागलं असेल."

या माणसाला मी साठ वर्षं ओळखते. लेबलं तो स्वतः चिकटवतो. एखादं तिरकं झालं तर बाटली धुऊन पुन्हा चिकटवतो. ज्याच्या पेरिएरला मी वेर्न ठरवलं म्हणून ज्याने वीस वर्षं माझ्याशी सरळ बोलणं टाकलं, त्याने काल भर चौकात स्वतःच्या तोंडाने तिला वेर्न म्हटलं होतं.

मी उरलेली वाईन पेल्यात ओतली आणि हुंगली. काही नाही. फळीवरची व्हिनेगरची बाटली उघडली. नाकात झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. ओबँने फळीकडे हात लांबवला. त्याने कॉफीचा डबा माझ्यापुढे सरकवला. मग लसूण. मग बुटाचं पॉलिश. मग कुत्र्याची चादर, जी त्याने स्वतः हातभर लांब धरली होती. सगळं सारखंच. हवा आत जात होती, हवा बाहेर येत होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मार्चपासून," मी म्हटलं. "पडले होते त्या दिवसापासून." हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. म्हणजे मला ठाऊक होतं की नव्हतं? मला सांगता येत नाही. मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि रडले. मी घाबरले होते. माझ्याकडे दुसरं काहीच नाही. नवरा नाही, मूल नाही, मळा नाही. हे एक नाक होतं, त्याच्यावर मी सबंध गावाशी भांडले.

"आणखी कुणाला कळलंय?"

"ल्युसियाँला. मारिनेतला. बेकरीवाल्याला. काल वाईन फिरली तेव्हा उरलेल्यांना."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना. मग सांगितलं का नाही कुणी?"

"तुला? तू कधी कुणाचं ऐकलंयस?"

मला रडताना हसू आलं. मग मी विचारलं, खोटं का बोललास? त्याने बराच वेळ फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"त्या वर्षी मी हावरटपणा केला होता," तो म्हणाला. "वेलींवर दुप्पट घड ठेवले. वाईन पाणचट झाली. सगळे फसले, तू एकटी फसली नाहीस. वेर्नच्या टाकीत ओतलीस ते बरोबर केलंस. त्याचाच तर राग आला. वीस वर्षं सांगत फिरलो, सोलांजचं नाक खोटं आहे. काल ते खरंच खोटं निघालं, आणि मला बघवलं नाही."

मंगळवार, ३ जून

सकाळभर विचार केला. ओबँ म्हणतो, गप्प बस. ल्युसियाँही म्हणतो, गप्प बस, आम्ही तुला खुणा करू, मारिनेत खोकून सांगेल. सगळं गाव मला उन्हाळाभर सांभाळायला तयार आहे. मला त्यांच्यावर इतकं प्रेम वाटलं की पुन्हा रडू आलं. पण गावाने मला चमच्याने भरवावं इतकी मी म्हातारी झालेले नाही.

आणि दुसरं असं की मादाम व्होतिए वेर्न मागवणार. कोठारातून त्यांना खरी वेर्न येईल, ती पाणचट वाईन लोक पितील, आणि जी त्यांना आवडली ती ओबँची पेरिएर कुणाला ठाऊकही होणार नाही. वरची वाईन खालच्या नावाने जायची, तीही माझ्या शब्दावर. हे मी होऊ देणार नाही. नाक गेलंय, अक्कल गेलेली नाही.

अकरा वाजता दिजोंला फोन केला. सगळं सांगितलं, पडल्यापासून. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग मादाम व्होतिए फार गोड आवाजात म्हणाल्या, "पण मादाम, पत्रकात तर नाकच आहे." मी म्हटलं, मग पत्रक बदला, रस्ते तेच आहेत. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. शहरातली माणसं नाही म्हणायला विचार करतात.

मग ओबँकडून ती बाटली उचलून आणली. त्याने अडवायचा प्रयत्न केला, मी त्याच्या पायावर पाय दिला. नगरकचेरीच्या खिडकीत इतर दोघींशेजारी ती ठेवली आणि पुढे जाड अक्षरांत चिठ्ठी लावली: 'तिसरी पेरिएरची होती. मळा ओबँ रव्हेर्शोंचा. मी चुकले. मला मार्चपासून वास येत नाही. सोलांज बुर्दां.'

पाच मिनिटांत बेकरीच्या दारात माणसं जमली. मी सायकलवर बसले आणि त्यांच्यासमोरून घरी आले, हात न हलवता, पाठ ताठ ठेवून.

गुरुवार, ५ जून

ल्युसियाँने डॉक्टरांकडे नेलं. तीन महिने वाया घालवले म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. वास परत येईल का? येईल कदाचित, थोडा. बहुधा नाही. रोज चार वास घ्यायचे, लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी, म्हणजे घेतल्यासारखं करायचं. गाडीत ल्युसियाँ म्हणाला, "मी रोज तुझ्या घरी येऊन दूध तापवत जाईन." म्हटलं, तापव, पण गप्पा न मारता.

रविवार, २२ जून

दिजोंहून नकार आला. छापील कागद, खाली गोल सही. मी तो वाचला आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? दोन दिवस सायकलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी रोझेन्नचं पत्र आलं. सप्टेंबरमध्ये ती आठ बेकरीवाले घेऊन येतेय. लिहिलंय, 'रस्ता तुम्ही दाखवा, वास आम्ही घेतो. फक्त एपोआस नको.'

पण हे लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. आज चार पाहुणे होते, दोन बेल्जियन आणि त्यांच्या दोन बहिणी, ल्युसियाँच्या ओळखीतून आलेले. त्यांना घेऊन पेरिएर आणि वेर्न यांच्यामधल्या रस्त्याने चालले होते तेव्हा ओबँ फाटकात उभा. मी दारावरून पुढे जायला लागले.

"आत आणायची नाहीत का?" तो म्हणाला. "की बाधेल?"

सायकली भिंतीला लावल्या. तळघर थंड होतं, पायऱ्या झिजलेल्या. त्याने पिंपातून सहा पेले काढले आणि पहिला मला दिला. चौघे बेल्जियन माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ल्युसियाँने सांगितलं असणार की या बाईंना सगळं कळतं. मी पेला फिरवला, नाकाशी नेला, सवयीने. मग तो खाली घेतला आणि ओबँकडे बघितलं.

"मला वास येत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू सांग, कसला येतोय?"

ओबँ कानापर्यंत लाल झाला. या माणसाने आयुष्यभर वाईन केली, तिच्याबद्दल दोन वाक्यं कधी बोलला नाही. "वाईनचा येतोय," तो पुटपुटला. बेल्जियन हसले.

"नीट सांग. आजवर मीच सगळ्यांना सांगत आले. मला कुणी कधी सांगितलेलं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, आणि पेल्यात नाक घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मी डोळे मिटले.

"काळ्या बेरीचं झुडूप," तो म्हणाला. "फळ नव्हे, पान. हातात चुरगाळलेलं. तुमच्या परसात होतं ना, विहिरीपाशी, तसलं." मग थांबला. "आणि दगड. ऊन उतरल्यावरचा, अजून तापलेला."

मला काहीच येत नव्हतं, तरी मी प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला.

"आणि त्याच्या खाली?" मी विचारलं.

"थांब गं," ओबँ म्हणाला. "घाई करू नकोस. शोधतोय."

मी पेला हातात धरून थांबले.